तरंगते की बुडते

नालवाडीच्या डोमाजीला किळस फार. ताटावर माशी बसली की तो ताट सरकवून उठायचा, आणि त्या दिवशी पुन्हा जेवायचा नाही. वांग्यात अळी निघाली तर लोक वांगं फेकतात. हा अख्खी पाटी बाजूला करायचा आणि हात दोनदा राखेनं घासायचा. भाजीची वाडी असलेल्या माणसाला असं करून चालत नाही. पण खत टाकायच्या दिवशी गडी वाफ्यात आणि डोमाजी नाकाला पंचा बांधून बांधावर, हे सगळ्या नालवाडीला माहीत होतं. पालकाच्या, मेथीच्या जुड्या तो टाक्यात तीन पाण्यांनी धुवायचा. वर्धेच्या बाजारात अडते त्याला 'सोवळा डोमाजी' म्हणत, आणि मुद्दाम त्याच्यासमोर तंबाखू थुंकत.

अशा माणसाच्या बायकोला १९७३ साली हगवण लागली, आणि ती पाच वर्षं थांबली नाही.

बायकोचं नाव मनकर्णा. देवळीकडच्या एका कोरडवाहू घरातली. तिच्या माहेरी बारा महिने ज्वारी; गव्हाची पोळी पाहायची ती सणाला. डोमाजीच्या घरी मात्र भाजीचा पैसा रोज हातात येई, म्हणून त्याच्या आईनं, देवकाबाईनं, रोज पोळीची चाल पाडली होती. "आमच्या घरी भाकर गड्याले अन् कुत्र्याले," असं ती चार बायांत सांगायची. सून आली, पोळ्या लाटायला शिकली, खायला शिकली. पहिली मुलगी सिंधू झाली, आणि त्या बाळंतपणानंतर मनकर्णाचं पोट जे बिघडलं ते बिघडलंच.

दिवसातून सात-आठ वेळा. शेतापर्यंत जायचा दम नसायचा, मग वाडीतल्या केळींच्या मागं. जे पडायचं ते पांढरट, फेसाळ, तेलकट. आणि वास असा की वारा घराकडे वळला की देवकाबाई दार लावून घ्यायची. डोमाजीला तो वास जेवताना यायचा, बाजारात यायचा, स्वतःच्या कपड्यांना यायचा. तीन महिन्यांत त्यानं आपली बाज वाडीतल्या झोपडीत नेली. कुणी विचारलं तर भाजी राखायला जातो म्हणायचा. फुलकोबी काय चालत जाते? पण कुणी फार विचारलं नाही. पुढं त्यानं तिच्या हातचं पाणी पिणंही सोडलं. आई वाढायची, तो जेवायचा. मनकर्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून हे पाहायची.

शहरातल्या एका डॉक्टरनं टीबी सांगितला आणि सुया टोचायला सुरुवात केली. देवकाबाईनं त्याच दिवशी सुनेचं ताट-वाटी वेगळं केलं आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. डॉक्टरनं हेही सांगितलं होतं की ज्वारी जड असते, पेशंटला हलकं द्या. पाव, बिस्किटं, रव्याची पेज, गव्हाचा दलिया. म्हातारी तोंडानं कडू होती, पण हलगर्जी नव्हती. सकाळी पेज, दुपारी दुधात कुस्करलेला पाव, संध्याकाळी मऊ पोळी. जे तिला आतून खात होतं तेच घरातल्यांनी तिला पाच वर्षं वेळेवर, निगुतीनं भरवलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. वर्षातून एकदा तिचे वडील नत्थूजी यायचे आणि तिला महिनाभर घेऊन जायचे. परत यायची तेव्हा गालावर जरा मांस असायचं आणि पोट बसलेलं असायचं. पंधरा दिवस इथं राहिली की पुन्हा केळीमागं.

"माहेरी खाते अन् अठी हागते," देवकाबाई म्हणायची. "सारे नाटकं हायत. सासर नाई पायजे तिले."

डोमाजीलाही तेच वाटायचं. किंबहुना तसं वाटून घेणं त्याला सोयीचं होतं.

१९७८ च्या पावसाळ्यात मनकर्णा टाक्याशी जुड्या धुताधुता कोसळली. नत्थूजी आले, त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि या वेळी तिला देवळीला नेलं नाही. बैलांची दमणी सरळ सेवाग्रामच्या दवाखान्याकडं वळवली. "जवाई, तुमी बी चाला," म्हणाले. एवढंच. डोमाजी मागून सायकलवर गेला, कारण दमणीत तिच्या शेजारी बसायची त्याची तयारी नव्हती.

दवाखान्यात तिला काट्यावर उभं केलं. एकतीस किलो. तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी मनकर्णाचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पायांची सूज दाबून पाहिली, आणि डोमाजीकडं वळल्या.

"शौचाचा रंग कसा असतो?"

डोमाजी खिडकीबाहेर बघायला लागला. "म्या नाई पायलं."

"पाच वर्षांत एकदाही नाही?"

"मले तसलं पाह्यनं होत नाई, बाई."

नत्थूजी मधेच बोलले. "आमच्याकडं आली का पोट बसते तिचं. तठी काईच होत नाई."

डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. "तुमच्याकडे काय खाते ती?"

"काय खाईन? जवारीची भाकर, वरन, मिरचीची चटनी. गरिबाचं घर हाय."

"आणि यांच्याकडे?"

"आमच्या घरी रोज पोळी असते," डोमाजी म्हणाला, आणि ते जरा ताठ मानेनंच म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला ती मान कुठं ठेवावी कळेना.

त्यांनी समजावलं की काही माणसांना गहू बाधतो. गव्हात एक चिकट भाग असतो. तो त्यांचं आतडं सहन करत नाही. या भागात हा आजार फारसा ऐकिवात नाही, तेव्हा खात्री करून घ्यावी लागेल. पहिली तपासणी शौचाची. तीन दिवस रोज ठरलेलं तूप तिला खायला घालायचं, आणि तीन दिवसांचं सगळं, थेंबही न सांडता, एका डब्यात गोळा करून आणायचं. भरती व्हायला मनकर्णा तयार नव्हती. सिंधू घरी होती. मग हे काम घरीच करायचं ठरलं. देवकाबाई ते करणार नव्हती, मनकर्णाला वाकून उठवत नव्हतं. राहिला डोमाजी.

वनस्पती तुपाचा रिकामा डबा दवाखान्यातून वजन करून मिळाला. ते तीन दिवस डोमाजीनं कसे काढले हे त्यानं पुढं फार कमी लोकांना सांगितलं. पंचा नाकावर बांधून त्याच्या आत कडुनिंबाचा पाला ठेवला तरी वास यायचा. पहिल्या दिवशी तो चार वेळा ओकला. मनकर्णा केळीला धरून बसलेली, आणि हा पाठमोरा, झाकण हातात घेऊन उभा. ती काहीतरी म्हणाली.

"काय?" तो खेकसला.

"माफ करजा म्हनलं."

त्यानं डब्यावर झाकण दाबलं. त्याला तिची किळस आली होती, आणि ती माफी मागते याचीही आली.

चौथ्या दिवशी डबा चिंध्यांनी घट्ट बांधून, सायकलच्या कॅरिअरला ट्यूबच्या रबरानं आवळून तो सेवाग्रामला निघाला. वाटेत बाजारातला लक्ष्मणराव अडत्या भेटला. त्यानं सायकलची दांडी धरली.

"डोमाजी, तूप नेऊन राह्यले काय? गावरानी?"

"नाई."

"वजन तं दिसते. पाहू द्या ना, वास घेतो जराक." आणि त्यानं खरोखरच चिंध्यांना हात घातला.

"हात नोको लावू!" डोमाजी एवढ्या जोरात ओरडला की अडत्या दोन पावलं मागं गेला. ठेच लागलेल्या गाढवासारखी सायकल हाणत डोमाजी निघून गेला. बाजारात दुसऱ्या दिवशी बोलणं झालं की सोवळा डोमाजी चोरून तुपाचा धंदा करतो.

तपासणीचा निकाल आला. बाई म्हणाल्या, "तिनं तीन दिवसांत जे तूप खाल्लं त्यातलं जवळजवळ निम्मं डब्यात परत आलं. अन्न अंगी लागतच नाही." मग दुसरी तपासणी झाली. चिंचोक्याएवढी एक पोलादी डबी, तिला बारीक लांब नळी लावलेली, मनकर्णाला गिळायला लावली. डबी पोटातून पुढं सरकेपर्यंत दोन तास ती कुशीवर पडून होती, तोंडाच्या कोपऱ्यातून नळी बाहेर, लाळ गळतेय, डोळ्यांतून पाणी. एक्स-रेचा फोटो काढून जागा बघितली, नळीच्या टोकाला पिचकारी लावून ओढली, आणि डबीतल्या पात्यानं आतड्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापून घेतला. नळी बाहेर काढताना मनकर्णाला जी उबळ आली ती पाहून दाराशी उभा असलेला डोमाजी भिंतीला टेकला.

आठवड्यानं बाईंनी समजावून सांगितलं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती अन्न शोषते. मनकर्णाची लव पार झडून गेली होती.

"अळीनं खाल्लेल्या पालकावानी," डोमाजी म्हणाला.

"अगदी तसंच. फक्त ही लव परत उगवते. गहू पूर्ण बंद केला तर."

पूर्ण म्हणजे पूर्ण. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत, पाव-बिस्किट नाही. ज्वारी, तांदूळ, डाळी, भाजी, दूध, सगळं चालेल. रक्ताच्या गोळ्या दिल्या. आणि बाईंनी डोमाजीला एक काम दिलं. रोज तिचं शौच पाण्याच्या डब्यात बघायचं. तेल न पचलेलं असलं की ते पाण्यावर तरंगतं. पचायला लागलं की बुडतं. "तिनं सांगितलेलं मला नको. बायका 'बरं आहे' म्हणून मोकळ्या होतात. तुम्ही स्वतः बघा आणि लिहून ठेवा. आणि दर पंधरा दिवसांनी वजन."

घरी हे सांगितल्यावर देवकाबाईचा चेहरा काळा पडला.

"गव्हानं कोनी मरते काय? माया घरच्या अन्नानं सून मेली म्हनतीन लोकं!"

"मेली नाई अजून," डोमाजी म्हणाला. "पन तुया पेजीनं मेली असती. माया डोळ्यापुढं."

म्हातारी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गोठ्याच्या कोनाड्यातलं ताट घासूनपुसून आत आणलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. डोमाजी चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं 'त' लिहायला सुरुवात केली. त म्हणजे तरंगली. रोज सकाळी तो पंचा बांधून केळीमागं जायचा, एका डोळ्यानं पाहायचा, परत येऊन हात कोपरापर्यंत घासायचा, आणि चहा न घेता 'त' लिहायचा. पाहुणे विचारायचे, "हे त, त काय लिवून ठेवलं?" तो सांगायचा, तांबडे भोपळे.

चौदा दिवस त. पंधराव्या दिवशी तो डब्यापाशी जरा जास्त वेळ उभा राहिला. परत आला आणि 'बु' लिहिलं. बुडाली. कुणाला हाक मारली नाही की काही नाही, पण मनकर्णानं चुलीपाशी बसून ते अक्षर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

वजन करायला तो तिला बाजारात अडत्याच्या मोठ्या काट्यावर न्यायचा, कारण नालवाडीपासून ते जवळ. पोत्यांसारखं काट्यावर बसायचं, आणि हमाल बघत उभे. तेहतीस. पस्तीस. सदतीस. लक्ष्मणराव अडत्या एकदा म्हणाला, "काय भावानं देता, डोमाजी?" डोमाजी त्याच्याजवळ गेला आणि हळूच सांगितलं की त्या दिवशी डब्यात तूप नव्हतं, काय होतं ते. अडत्यानं आपला उजवा हात धोतराला पुसला. त्यानंतर काट्याजवळ कुणी बोललं नाही.

मग १९७९ च्या संक्रांतीनंतर गाडी अडली. वजन अडतीसवर थांबलं, आणि कॅलेंडरवर मधेमधे 'त' दिसायला लागले. डोमाजीनं पहिला संशय आईवर घेतला.

"माय, तू तिले पोळी देऊन राह्यली काय? खरं सांग."

"मले काय समजतं रे तू?" म्हातारी ताडकन उठली. "मी काऊन देईन? मायाच हातानं तिले मारू काय?"

तो ऐकेना. चार दिवस तो घरात पहारेकऱ्यासारखा फिरला. डबे उघडून वास घ्यायचा, पिठात बोट घालून जिभेला लावायचा. काही सापडलं नाही. मग एक दिवस ज्वारी दळायला तो स्वतः गिरणीत गेला आणि डबा ठेवून निघून न येता तिथंच उभा राहिला.

त्याच्या पुढच्या माणसाचे गहू दळून झाले. गिरणीवाल्या प्रभाकररावानं त्याच खोक्यात डोमाजीची ज्वारी ओतली. खालच्या कापडी नळीतून पहिलं पीठ आलं ते पांढरं-पिवळसर, गव्हाचं. ते सरळ डोमाजीच्या डब्यात पडलं. नळी पिठातल्या किड्यांनी काळी झालेली. खाली सांडलेलं पीठ, कुणाकुणाच्या पायाखालचं, प्रभाकररावानं केरसुणीनं ओढलं आणि दोन ओंजळी डोमाजीच्या डब्यात टाकल्या.

"हे काय केलं?"

"तुमचंच सांडलं होतं. नाईतर म्हनान, गिरणीवाल्यानं पीठ खाल्लं."

"त्यात गहू होता!"

"गव्हाचं जराक येतेच गा. फुकटात चांगली वस्तू आली, रडता कायले?"

डोमाजीनं तो डबा तिथंच गिरणीच्या दारात उपडा केला. पाच महिने आपण हे घरी नेत होतो, पायाखालची धूळ, किडे आणि गहू, आणि तिला भाकर म्हणून देत होतो, या विचारानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीचं. घरी येऊन आईसमोर उभा राहिला. चूक झाली असं त्याला म्हणता आलं नाही. "गिरणीत होतं," एवढंच म्हणाला.

देवकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माळवदावर गेली, जुनं जातं खाली काढवलं, धुऊन उन्हात वाळवलं. "आता मीच दळीन," म्हणाली. "मंग तं भरोसा येईन तुले?" त्या दिवसापासून मनकर्णाची ज्वारी म्हातारीनं दळली. राग धरून दळली, पण रोज दळली.

बु, बु, बु. वजन पुन्हा सरकलं. एकेचाळीस. त्रेचाळीस. मनकर्णा स्वतः जुड्या बांधायला लागली. डोमाजीची बाज केव्हातरी झोपडीतून घरात आली. सकाळी लोकांना ती ओसरीवर दिसली एवढंच.

तरी माणसं सोडतात कुठं. हिचं पथ्य म्हणजे जिथं जावं तिथं चर्चा. "एका पोळीनं काय होते?" "देवाचा प्रसाद हाय, त्यानं नाई बाधत." "इतकी गोल झाली, आता कायचं पथ्य?" लोक जबरदस्तीनं ताटात वाढायचे आणि मग नाराज व्हायचे. डोमाजीला पूर्वी माश्यांची जेवढी चीड यायची तेवढी आता या माणसांची यायची. तशीच घोंगावत येतात, हाकलली तरी पुन्हा अन्नावर बसतात.

१९८० च्या उन्हाळ्यात मनकर्णा सिंदी मेघेला गेली, डोमाजीच्या बहिणीकडं, विमलाबाईकडं. कुरड्या करायला मदत म्हणून. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस पाण्यात भिजवतात, वाटतात आणि त्याचा चीक काढतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण शिजलेला चीक पांढराशुभ्र, खळीसारखा. त्याच्याकडं पाहून गव्हाची आठवण येत नाही. विमलाबाईनं वाटीत काढून साखर घालून दिला. मनकर्णानं एक वाटी खाल्ली, मग दुसरी.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी 'त'. पाचव्या दिवशी 'त', आणि तो जुना वास. डोमाजीनं विचारल्यावर ती रडत म्हणाली, "वन्संनं देल्ला. पांढरा होता. मले वाटलं, यात गहू कोठी उरला?"

डोमाजी त्याच पावली सिंदी मेघेला गेला. विमलाबाईच्या अंगणात दुसऱ्या घाण्याचे गहू भर उन्हात भिजत होते, त्यांचा चौथा दिवस. टोपावर फेस आलेला, त्यावर चिलटं, आणि आंबूस कुजका वास. डोमाजीनं तो वास घेतला. हा थेट केळीमागचाच वास आहे असं त्याला वाटलं. अंगणाच्या कडेला जाऊन तो ओकला.

"काय झालं, दादा?"

"तू तिले चीक देल्ला?"

"देल्ला. मंग? जराक खाल्ल्यानं काय होते? तुमी तं घरात दवाखाना करून ठेवला, बाप्पा!"

"काय होते?" त्यानं तोंड पुसलं. "चाल. दाखवतो काय होते."

त्यानं बहिणीला हाताला धरून सायकलवर बसवलं आणि नालवाडीला आणलं. वाटेत ती विचारत राहिली, तो पायडल हाणत राहिला. केळीमागं नेलं, डब्यावरचं फळीचं झाकण काढलं आणि म्हणाला, "पाह्य. तुयी वाटी हाय ही. तरंगून राह्यली."

विमलाबाई पदर तोंडात कोंबून पळाली ती थेट टाक्यापाशी. मागं मनकर्णा उभी होती. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "माया इज्जतीचं काय?"

डोमाजीनं झाकण ठेवलं. त्याला हे सुचलंच नव्हतं. पाच वर्षं ज्याच्याकडं त्यानं पाहिलं नाही ते त्यानं आज दुसऱ्याला बोलावून दाखवलं होतं. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यानंही समजूत काढली नाही. हात धूत राहिला. पण विमलाबाईनं नात्यातल्या सगळ्या बायांना जे सांगायचं ते सांगितलं. मनकर्णाच्या ताटात पुन्हा कुणी काही वाढलं नाही.

त्या वर्षाच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा डबी गिळायला लावली. मनकर्णा या वेळी सत्तेचाळीस किलोची होती. नळी बाहेर येताना तिनं पलंगाची कड पकडली आणि शिवी घातली, वऱ्हाडी, पूर्ण. बाई हसल्या. आठवड्यानं त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचेत जुना तुकडा आणि नवा तुकडा दोन्ही डोमाजीला दाखवले. जुना सपाट. नव्यावर बोटांसारखी गुलाबी लव, सगळीकडं नाही, पण उगवलेली. डोमाजीनं पाहिलं. हे आपल्या बायकोच्या आतलं आहे हे ध्यानात येताच तो डोळे मिटून बाजूला झाला. मग पुन्हा वाकला आणि पुन्हा पाहिलं.

"आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल," बाई म्हणाल्या. "गहू मात्र जन्मभर नाही."

पुढच्या काही वर्षांत मनकर्णा वर्धेच्या बाजारात स्वतः भाजी घेऊन बसायला लागली. आवाज मोठा झाला, भावात हटेना. डोमाजीनं घरात गहू आणणं बंदच केलं होतं. त्याला आता कणकेकडं पाहवत नसे. भिजवलेला गोळा दिसला की टोपावरचा तो फेस आठवायचा. लोक म्हणायचे, बायकोसाठी पोळी सोडली. तसं काही नव्हतं. त्याला खरोखर शिसारी यायची.

१९८४ साली विमलाबाईच्या मुलीचं लग्न सिंदी मेघेला झालं. पंगत बसली. मनकर्णानं आपला डबा उघडला, भाकर आणि भरलं वांगं. शेजारी डोमाजीच्या पानावरून वाढपी पुढं गेला, कारण तो पोळी खात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडं गरम पोळ्यांची चळत आली, वर तुपाची धार. मनकर्णा भाकर मोडता मोडता थांबली.

"अजी," ती हळूच म्हणाली, "एक पोळी घ्या ना."

"मले नाई पायजे. घान वाटते मले."

"तुमाले घान वाटते. मले नाई वाटत." ती पानाकडंच बघत होती. "सहा वर्सं झाले. मले तं सपनात येते पोळी. तुमाले गव्हाची किळस आली, पन त्याच्या आंधी माई आली होती. झोपडीत गेलते तुमी. ते मले समजते. पन मले पोळीची किळस कदी आलीच नाई."

पंगतीत पाणी वाढणारा येऊन गेला.

"मंग म्या काय करू?" त्यानं शेवटी विचारलं.

"मायापुढं खा एक. मले पाह्यचं हाय."

त्यानं वाढप्याला हाक मारली. पोळी पानावर पडली, वाफ निघत होती. त्यानं घास तोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. चिकट गोळा टाळूला लागला आणि घशाशी उमाळा आला. त्यानं डोळे मिटून तो परतवला, चावला, गिळला. कपाळावर घाम आला होता. मनकर्णा गुडघ्यावर हनुवटी ठेवून त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"कशी हाय?"

"चिखलावानी."

"खोटं नका बोलू. बराबर सांगा."

त्यानं दुसरा घास तोडला. या वेळी तो सावकाश चावत राहिला.

"गोड हाय," तो म्हणाला. "कडंला जराक करपली. तूप ताजं हाय."

"पदर सुटून राह्यले काय तिचे?"

"दोन."

"तीन सुटाले पायजे," मनकर्णा म्हणाली, आणि आपल्या भाकरीचा घास तोडला.